भिंतीपलीकडे न जाणारा पियानो

पियानोची पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाची यंत्रणा नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर फेकते. हातोडी तारेला लागते आणि क्षणात मागे येते. ती तिथेच टेकून राहिली तर तार वाजणारच नाही. एकट्या तारेचा आवाज अगदी किरटा असतो. तिचे कंपन घोडीवरून नादफलकावर, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर जाडीच्या लाकडाच्या मोठ्या फळीवर उतरते आणि ती फळी खोलीतली हवा हलवते. पियानोत 88 पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. या सगळ्या तारांचा मिळून ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत बिडाची चौकट लागते, म्हणूनच साधा उभा पियानोसुद्धा दोनशे ते अडीचशे किलो भरतो. विजेच्या वाद्यासारखे आवाज कमी करण्याचे बटन या रचनेत कुठेच नसते.

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने 1700च्या सुमारास हे वाद्य घडवले, ते बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज लहानमोठा व्हावा म्हणूनच. म्हणजे हळुवार वाजवण्याची सोय वाद्यातच आहे. पण ती सोय वापरता येणे ही या वादनातली सगळ्यात अवघड गोष्ट. पेटीवर आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. हवा कमी दिली की शिकाऊ बोटालाही सूर मऊ मिळतो. पियानोवर बोट जरा कमी वेगाने गेले की हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही आणि सूर गळतो. त्यामुळे घरातल्या शिकणाऱ्या मुलाला ‘जरा हळू वाजव’ असे सांगितले की तो बोटे आखडतो, अर्धे सूर खातो आणि चुकीची सवय लावून घेतो. शेजाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी बोटाला धाक घालण्यापेक्षा आवाजाची वाट अडवणे हाच योग्य उपाय आहे.

मराठी मुलखात पियानो आला तो मुंबई आणि गोव्याच्या वाटेने. मुंबईत फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान 1865 साली सुरू झाले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. मुंबईतल्या ख्रिस्ती आणि पारशी घरांत पियानो दिवाणखान्याचा भाग झाला. वऱ्हाडात मात्र भजनी मंडळांची पेटी, तबला, मृदंग, टाळ आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी हीच ओळखीची वाद्ये. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात, संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेल्या शेंदूरजनाघाटसारख्या गावात पियानो दुर्मीळच. पण शहरात शिकलेले मूल सुट्टीत किंवा नोकरीच्या निमित्ताने वाद्य घेऊन अशा गावी परतले, तर त्याच्यापुढचा प्रश्न मुंबईच्या सदनिकेपेक्षा वेगळा असतो. मुंबईत शेजारी वर आणि खाली असतो. इथे तो सामाईक भिंतीपलीकडे, ओट्यावर किंवा अंगणात बाजेवर झोपलेला असतो.

घरातला आवाज दोन वाटांनी बाहेर जातो. एक वाट हवेची: खिडकी, दार, छप्पर आणि भिंत. दुसरी घन वस्तूंची: पियानोच्या पायांतून फरशीत, फरशीतून भिंतीत आणि भिंतीतून पलीकडच्या खोलीत. दोन्ही वाटांना एकच उपाय चालत नाही, आणि बरेच पैसे वाया जातात ते इथेच.

हवेतून जाणारा आवाज अडवते ते वजन. भिंतीचे वजन दुप्पट झाले की ती साधारण सहा डेसिबल जास्त आवाज रोखते. उलट सूर एक सप्तक खाली गेला की तीच भिंत साधारण सहा डेसिबल कमी रोखते. शेजाऱ्याला भिंतीतून डाव्या हाताचा घुमारा ऐकू येतो आणि उजव्या हाताची चाल ऐकू येत नाही, ते यामुळेच. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, म्हणून सहा-आठ डेसिबलची बचतही क्षुल्लक नसते.

वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हातभर रुंद असत आणि वर मातीचा जाड थर असे. आवाजाच्या दृष्टीने हे घर उत्तम, कारण ते सगळीकडून जड. नंतर आलेली नऊ इंची विटांची भिंतही चांगली. दोन्ही बाजूंनी गिलावा असेल तर ती 45 ते 50 डेसिबल रोखते. साडेचार इंची भिंत त्याहून थोडी कमी. खरी कमजोरी असते ती टिनाच्या छपरात. पातळ पत्र्याला वजन नाही, आणि पत्रा भिंतीच्या माथ्यावर टेकतो तिथे बहुधा बोटभर फट उरतेच. धाबे उतरवून टिन टाकलेल्या घरात भिंती जाड राहतात, पण आवाज वरून निघून शेजारच्या टिनाखाली उतरतो. अशा घरात पियानो ठेवायचा तर स्लॅब पडलेली किंवा माळा असलेली खोली निवडावी. माळ्यावर धान्याची पोती, गाद्या, जुने सामान भरलेले असेल तर फारच चांगले.

फटींचे गणित डोळ्याला पटत नाही, पण ते पक्के आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाचा फक्त शंभरावा भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असली तरी एकूण 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. बांधाला एक भोक राहिले की पाणी सगळे तिथूनच जाते, तसे हे आहे. दाराच्या खालची दोन बोटांची फट, चौकट आणि भिंत यांच्यामधली चीर, खिडकीच्या झडपांमधली पोकळी या जागा रबरी पट्टीने आणि सिमेंटने किंवा सिलिकोनने बुजवणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय आहे. पोकळ फ्लश दारापेक्षा भरीव लाकडी दार बरे. खिडकी रस्त्याच्या बाजूची असेल तर तिला आतून दुसरे तावदान बसवावे आणि दोन तावदानांत चार-सहा इंच अंतर सोडावे.

इथे वऱ्हाडाचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा खिडक्या बंद करून तासभर बसणे कुणाला जमणार? कूलर तर उघड्या खिडकीतच बसवलेला असतो आणि पंख्याच्या त्या मोठ्या भोकातून पियानो सरळ बाहेर जातो. कूलरचा स्वतःचा आवाज काही प्रमाणात वादन झाकतो, पण ते खोलीत बसलेल्यांसाठी. अंगणातल्या माणसाला दोन्ही ऐकू येतात. शिवाय कूलरची दमट हवा थेट पियानोवर येणे वाईट. या वाद्याला हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान स्थिर लागते. दिवसा कोरडी झळ आणि रात्री कूलरचा ओलावा अशा हेलकाव्यांनी नादफलक फुगतो, आकसतो आणि सूर उतरतात. म्हणून खोली आतली, माजघरासारखी निवडावी. तिला बाहेरची खिडकी नसते, ती उन्हापासून दूर असते, आणि रस्ता नि तिच्यामध्ये आणखी एक खोली असते. गारवा आणि शांतता दोन्ही एकाच निवडीने साधतात.

वाद्य कुठे टेकवायचे यालाही महत्त्व आहे. उभ्या पियानोचा नादफलक पाठीला असतो. बहुतेक जण तो भिंतीला चिकटवून ठेवतात, आणि ती भिंत नेमकी शेजाऱ्याची असली तर वाद्याचे तोंडच शेजाऱ्याकडे होते. त्याऐवजी तो घराच्या आतल्या भिंतीकडे पाठ करून, चार ते सहा इंच अंतर सोडून ठेवावा. त्या पोकळीत सच्छिद्र, जाड काहीतरी उभे करावे. यासाठी वऱ्हाडाला बाहेरून काही आणायची गरज नाही. पिंजलेल्या कापसाची जुनी गादी यासाठी उत्तम, कारण हवेचे कंपन कापसाच्या तंतूंत शिरून विरते. तीन-चार इंच जाडीची गादी मधले आणि वरचे सूर चांगले शोषते. खर्जाला मात्र ती फारशी अडवू शकत नाही. गादी पियानोच्या पाठीला दाबून बसवू नये. दोघांमध्ये थोडी हवा राहिली पाहिजे. पियानोतला नमदा लोकरीचा असतो आणि उंदरांना व कसरीला तो प्रिय. पाठीमागे कापड कोंबलेला कोपरा महिन्यातून एकदा तरी हलवून साफ करणे भाग आहे.

ग्रँड पियानो घरात असेल तर वरचे झाकण मिटावे आणि पोटाखाली गालिचा नि गाद्या ठेवाव्यात. त्याचा बराच आवाज खालून निघतो. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो मात्र सोडून द्यावा. त्या ट्रेला वजन नसते, त्यामुळे आवाज अडत नाही. खोलीतला घुमारा किंचित कमी होतो आणि वर आगीचा धोका वाढतो. सामाईक भिंतीपाशी पुस्तकांनी किंवा कपड्यांनी ठासून भरलेले कपाट ठेवले तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

फरशीतून जाणारा आवाज गाद्यांनी थांबत नाही. तिथे वाद्य आणि फरशी यांची गाठ सोडवावी लागते. पियानोच्या चाकांखाली घट्ट रबराच्या वाट्या ठेवाव्यात. त्याहून चांगले म्हणजे जाड प्लायवूडचा एक पाट करून त्याखाली घट्ट रबराचे तुकडे सारख्या अंतराने लावावेत आणि पियानो त्यावर चढवावा. मऊ फोम चालत नाही, कारण अडीचशे किलोखाली तो चपटा होतो आणि मग तो असून नसल्यासारखाच. पाट भिंतीला कुठेही टेकता कामा नये. बसायच्या स्टुलाखालीही सतरंजी हवी. पेडलवर आपटणारी टाच खालच्या मजल्यावर सुरांपेक्षा जास्त खटकते.

खोलीची बाजू सावरल्यावर वाद्यातल्या सोयी. बऱ्याच उभ्या पियानोंना तीन पेडल असतात. उजव्याने तारांवरचे दट्टे उचलले जातात आणि सूर रेंगाळतो. हलक्या रियाजात त्याचा वापर जपून करावा, कारण सगळ्या तारा मोकळ्या झाल्या की घुमारा वाढतो. डाव्याने हातोड्या तारांच्या जवळ येतात, त्यांना धाव कमी मिळते आणि आवाज थोडा उतरतो. ग्रँडमध्ये तेच पेडल सगळी यंत्रणा बाजूला सरकवते आणि हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर पडते. मधले पेडल उभ्या पियानोत बहुधा रियाजासाठीच असते. ते दाबून खाचेत अडकवले की नमद्याची एक लांब पट्टी हातोड्या आणि तारांच्या मधे उतरते. तबलजी रात्री तबल्यावर कापड टाकून बोल घटवतो, त्याचाच हा प्रकार. आवाज लक्षणीय उतरतो, सुराची धार बोथट होते. ज्या पियानोत ही पट्टी नाही त्यात जाणकार तंत्रज्ञ ती नंतर बसवू शकतो. पट्टीवर हातोड्यांच्या खाचा पडल्या की ती बदलावी.

या पट्टीचा एक तोटा आहे आणि तो शिक्षकांना चांगला ठाऊक असतो. नमद्यातून सूर बोथट येतो, म्हणून विद्यार्थी नकळत जोर वाढवतो. महिनाभर सतत अशी पट्टी लावून वाजवणारे मूल उघड्या पियानोवर बसले की धोपटायला लागते. शिवाय हलका आणि भारी स्वर यांतला फरक नमद्याखाली जवळपास मिटतो, आणि तो फरक घडवणे हीच तर या वाद्याची विद्या. म्हणून नमद्याची पट्टी बोटांची जुळणी, सरगमी, लय आणि पाठांतर यांसाठी वापरावी. रंग भरण्याचे काम दिवसातल्या मोकळ्या वेळेसाठी राखून ठेवावे.

पूर्ण शांततेचा मार्ग यंत्राचा आहे. जपानमध्ये दाट वस्तीतल्या घरांत पियानोचा आवाज हा फार गंभीर प्रश्न होता. ऑगस्ट 1974 मध्ये हिरात्सुका शहरात एका माणसाने पियानोच्या आवाजावरून शेजारच्या घरातली आई आणि दोन मुली यांची हत्या केली आणि सगळा देश हादरला. 1993 मध्ये यामाहा कंपनीने ‘सायलेंट पियानो’ बाजारात आणला. हा पियानो खराच असतो, तारा आणि हातोड्यांसह. पण एक दांडी पुढे आली की हातोड्या तारेपर्यंत पोचायच्या आधीच अडतात; पट्ट्यांखालचे संवेदक बोटाचा वेग मोजतात आणि त्यानुसार आधी ध्वनिमुद्रित केलेला सूर हेडफोनमध्ये ऐकू येतो. दांडी मागे घेतली की तेच वाद्य पुन्हा नेहमीसारखे वाजते. जुन्या पियानोतही अशी यंत्रणा बसवता येते, मात्र हातोडी सुटण्याची जागा थोडी बदलावी लागते आणि पट्टीचा स्पर्श किंचित वेगळा लागतो. ते काम शिकलेल्या तंत्रज्ञाचे, हौशी सुताराचे नव्हे.

हेडफोन लावल्यावर वाजवणाऱ्याला वाटते की आता बाहेर काहीच जात नाही. ते खरे नाही. पट्ट्यांची टकटक, हातोड्या दांडीवर आदळण्याचा आवाज आणि पेडलचा ठोका उरतोच, आणि रात्री अकराला तो खालच्या खोलीत ऐकू येतो. डिजिटल पियानोलाही हे लागू आहे. त्यामुळे रबरावरचा पाट इथेही लागतोच. ज्यांना नुसता सराव करायचा आहे आणि खऱ्या पियानोचा खर्च, वजन व स्वरजुळणी झेपत नाही, त्यांच्यासाठी 88 भारित पट्ट्यांचा डिजिटल पियानो हा शहाणपणाचा मार्ग आहे. छोट्या गावात स्वरजुळणी करणारा सहजी मिळत नाही हे लक्षात घेतले तर अधिकच.

आवाज न करता शिकण्याची कल्पना या विजेच्या यंत्रांच्या आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आल्मन व्हर्जिल यांनी तारा नसलेला, पट्टी दाबताना आणि सोडताना फक्त टिकटिकणारा सरावाचा पट विकायला आणला होता. रॉबर्ट शूमान या संगीतकाराचे मुक्या पट्ट्यांबद्दलचे मत वाईट होते, आणि कानाशिवाय बोट घडत नाही हा त्यांचा आक्षेप आजही बरोबर आहे. पण ज्याचा कान आधी घडला आहे त्याला मुका सराव फायद्याचा ठरतो. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी लहान असतानाचा एक अनुभव सांगितला आहे: ते वाजवत असताना जवळच व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला, सूर ऐकू येईनासे झाले, आणि बोटांचा स्पर्श मात्र नेहमीपेक्षा स्पष्ट जाणवू लागला. वॉल्टर गीझेकिंग स्वरलिपी वाचून, वाद्याला हात न लावता, रचना मनात बसवत असत.

याचा घरगुती उपयोग साधा आहे. नवी रचना पहिले काही दिवस स्वरलिपीतून वाचावी, तोंडाने गावी, टाळी देऊन लय धरावी; भजनी मंडळात वाढलेल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. मग बोटांचे क्रमांक ठरवून मांडीवर किंवा बंद झाकणावर हात फिरवावा. त्यानंतर नमद्याखाली, एकेका हाताने, अर्ध्या गतीत वाजवावे. इतकी तयारी झाल्यावर उघड्या पियानोवर रोज पाऊण तास मिळाला तरी पुरतो. शेजाऱ्याला सगळ्यात जास्त छळते ते एकच ओळ चाळीस वेळा अडखळत ऐकणे. ती अडखळ नमद्याखाली आटोपली तर उघडे वादन ऐकणाऱ्यालाही जड जात नाही.

ही वेळ कोणती असावी, याचे उत्तर गावाप्रमाणे बदलते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे दिवस सकाळी 6 ते रात्री 10 असा धरला आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते. 2010च्या दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्येही आली. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना सवलत आहे. खाजगी जागेच्या हद्दीवर वाद्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाऊ नये, असेही नियम सांगतो. जोरात वाजवलेला पियानो खोलीत 85 डेसिबलच्या आसपास असतो. साधी बंद खिडकी त्यातले वीस-पंचवीस अडवते, म्हणजे बाहेर साठ-पासष्ट उरतात. दिवसाची मर्यादाही इथे ताणली जाते. रात्रीचा तर प्रश्नच नाही.

पण शेजार कायद्यापेक्षा सवयींवर चालतो. बागायती गावात माणसे पहाटे बागेत जातात आणि उन्हाळ्यात दुपारी एक ते चार झोपतात. कायद्याने मोकळी असलेली ही दुपारची वेळ गावात सर्वात वाईट. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर, हरिपाठाची वेळ सोडून, या वेळा बऱ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी दहावी-बारावीचे मूल असेल तर आधी जाऊन विचारावे. वेळ ठरलेली आणि रोजची असली की तोच आवाज कमी खुपतो, कारण तो कधी थांबणार हे माहीत असते.

उपाय कितपत लागू पडले हे वाजवणाऱ्याला स्वतःच्या खोलीत बसून कधीच कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला पियानोवर बसवावे, खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकातले काही सूर एकाच जोराने वाजवायला सांगावे आणि स्वतः शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या झोपायच्या खोलीत उभे राहून ऐकावे. फक्त खर्ज येत असेल तर काम फरशीचे आणि भिंतीचे आहे. वरचे सूर स्वच्छ येत असतील तर कुठेतरी फट उरली आहे. टकटक येत असेल तर पाटाखालचे रबर तपासावे. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप अचूक नसते, पण उपायापूर्वी आणि उपायानंतर त्याच जागी, त्याच फोनवर घेतलेल्या दोन मापांतला फरक भरवशाचा असतो. पावसाळ्यात लाकूड फुगून दारे घट्ट बसतात आणि उन्हाळ्यात आकसून फटी पुन्हा पडतात, म्हणून ही तपासणी एकदा मेमध्ये करावी आणि एकदा ऑगस्टमध्ये.